कापडाचे आकाश

काशीच्या जुन्या घरांतील चौक म्हणजे चारी बाजूंना उंच भिंती आणि वर आकाशाचा एक चौकोनी तुकडा. त्या तुकड्यातून ऊन क्वचितच तळाशी पोहोचते; पोहोचतो तो नुसता उजेड. भिंतींवरून तो मंदपणे खाली उतरतो, घरात शिरतो. पण कोणत्याही वस्तूची ठळक सावली पाडीत नाही.

१९५६ साली प्रदर्शित झालेल्या ‘अपराजितो’ या बंगाली चित्रपटासाठी दिग्दर्शक सत्यजित राय यांना असेच एक घर हवे होते. पावसाच्या भयाने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी ते उघड्यावर न उभारता कलकत्त्याच्या स्टुडिओत, छपराखाली उभारण्याचे ठरविले. छायालेखक सुब्रत मित्र यांनी परोपरीने विरोध केला. आकाशाचा उजेड दिव्यांनी कसा आणावा? दिवा आला की सावली आलीच; आणि चौकातल्या माणसामागे दोन-तीन सावल्या दिसल्या, की सारे घरच खोटे ठरावयाचे! परंतु त्यांचे म्हणणे कोणास पटले नाही.

मित्र तेव्हा जेमतेम पंचविशीतले. ‘पथेर पांचाली’ या आपल्या पहिल्या चित्रपटापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा कधी चालविलाही नव्हता. तरी ते रुसून बसले नाहीत. चौकावर, जेथे आकाश असावे तेथे, त्यांनी चौकटीत ताणलेले पांढरे कापड बसविले आणि दिव्यांची तोंडे माणसांकडे न करता त्या कापडाकडे वळविली. लहानशा दिव्याचा प्रकाश एकाच दिशेने येतो, म्हणून सावलीची कड धारदार होते. विस्तीर्ण कापडावरून परतलेला प्रकाश अनेक दिशांनी येतो, म्हणून ती कड विरून जाते. कापडाचे आकाश खऱ्या आकाशासारखे वागू लागले! याच घरात अपूचे वडील आजारी पडतात आणि त्याची आई एकाकी होते. त्या मवाळ उजेडात तिचे दुःख नाटकातले न वाटता शेजारच्या घरातले वाटते.

पुढे १९६२ साली राय यांचा पहिला रंगीत चित्रपट ‘कांचनजंघा’ मित्रांनीच चित्रित केला. हाती रंग आले, तरी त्यांनी त्यांची उधळण केली नाही. दार्जिलिंगच्या रस्त्यांवर कधी ऊन, कधी ढग, तर कधी सारे रंग पुसून टाकणारे धुके येते. आणि तसतशी माणसांची मनेही पालटत जातात. शेवटी धुके सरते, हिमशिखर झळकते; पण त्याची वाट पाहणारे बडे गृहस्थ आपल्याच विवंचनेत असतात. त्यांचे तिकडे लक्षही जात नाही!

प्रकाश डोळ्यांना दिसतो खरा. पण त्याचे काम चालते ते मनावर. चित्रपट पाहताना एखाद्या प्रसंगी उगाचच मन भरून आले, तर पात्रांच्या मुखांवरचा उजेड कोठून येत आहे, तेवढे अवश्य पाहावे. तेथे कोणीतरी एक कापड ताणून ठेवलेले असेल.