काकूंची शाल

मच्छ्यातील आमच्या आळीत पहाटेची जाग काकूंच्या आवाजाने येई. देवळातील काकड आरतीचा पहिला स्वर त्यांचा. दहा-बारा वर्षांपूर्वी तो स्वर घोगरा झाला आणि पुढे थांबलाच. काकू कोपरा धरून बसू लागल्या. ऐन वैशाखात अंगावर शाल, चेहरा सुजल्यासारखा, बोलणे जड. मग रिकाम्या माजघरात त्यांना माणसे बोलताना ऐकू येऊ लागली; सून भातात काही कालवते, असा संशयही त्यांनी धरला. कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले बाहेरची बाधा.

चुलतभाऊ मला म्हणाला, "दादा, आईच्या नावावरच्या शेताचा व्यवहार अडलाय. ती भ्रमिष्ट झाली आहे, असा अर्ज कर." मी मसुदा लिहिला. लिहिताना माझा हात अडखळला नाही, हे आज कबूल केले पाहिजे.

अर्जास वैद्यकीय दाखला हवा, म्हणून काकूंना बेळगावी एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नाडी पाहिली, ती मंद होती. त्वचा कोरडी, भुवया बाहेरच्या टोकांशी विरळ. मग विचारले, "ही शाल केव्हापासून?" रक्त तपासल्यावर कळले, की गळ्यातील अवटु ग्रंथी, जिला आपण थायरॉइड म्हणतो, तिचे काम जवळजवळ थांबले होते.

या विकाराचे वर्णन लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 साली केले. 1891 मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीच्या अर्काने एका स्त्रीस बरे केले, आणि ती पुढे 28 वर्षे जगली. 1949 साली रिचर्ड ॲशर यांनी असे 14 रुग्ण नोंदविले, ज्यांचे वेड याच ग्रंथीतून उद्भवले होते. ग्रंथीचा रस आटला, की देहाबरोबर मेंदूचाही व्यापार मंदावतो, आणि क्वचित भ्रमही उपजतो. प्रत्येक भ्रमाचे मूळ गळ्यात नसते, हे खरे. परंतु असल्यास ते शोधणे किती सोपे!

रोज पहाटे रिकाम्या पोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली; मात्रा हळूहळू वाढविली. काही महिन्यांत शाल पेटीत गेली, संशय विरले, आणि कार्तिकात काकड आरतीचा स्वर पुन्हा ऐकू आला.

1872 च्या करार कायद्याचे बारावे कलम सांगते, की एरवी भ्रमिष्ट असलेला मनुष्यही शुद्धीवर असताना करार करू शकतो. कायद्याने शुद्धीस परतीची वाट ठेवली आहे. मी मात्र ती बंद करावयास निघालो होतो.

तो मसुदा मी फाडला नाही. घरच्या वडीलधाऱ्यास वेडे ठरवावयास कोणी आले, की टेबलाचा तो खण माझ्या डोळ्यांसमोर येतो, आणि मी प्रथम विचारतो, "रक्त तपासले काय?"