हाली, कलदार आणि कुस्तीचा हिशेब

हदगाव, जिल्हा नांदेड
मार्गशीर्ष पौर्णिमा

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा तक्ता, दोन्ही पोचले. जगातले थोर जड वजनाचे मुष्टियोद्धे आणि आपल्या मातीतले नामांकित मल्ल एकाच कागदावर आणून, प्रत्येकाच्या नावापुढे लढती किती, जिंकल्या किती, हरल्या किती असे रकाने आखून, शेवटी विजयांच्या शेकडेवारीने तू त्यांचा अनुक्रम लावला आहेस, आणि जुन्या कारकुनाच्या नजरेने यात कुठे चूक निघते का ते पाहावे, अशी विनंती केली आहेस. बेरजा मी दोनदा पडताळल्या. त्या बिनचूक आहेत. परंतु बेरीज बिनचूक असूनही हिशेब चुकलेला असू शकतो, हा धडा मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी घेतला होता, आणि तुझा तक्ता पाहताच तोच मला आठवला.

त्या वर्षी जुन्या दप्तराचे रुमाल सोडून त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले होते. एका मिसलीत कित्येक सालांच्या वसुलाच्या रकमा मांडलेल्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने त्या सर्वांची बेरीज केली, खाली लाल शाईची रेघ ओढली आणि कागद वृद्ध पेशकारांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी तो क्षणभर न्याहाळला आणि एवढेच विचारले, "यातले हाली किती आणि कलदार किती?" तुझ्या पिढीला हे शब्द अपरिचित असतील म्हणून सांगतो. निजामाच्या मुलखात सरकारचे स्वतःचे नाणे चाले, तो हाली सिक्का. इंग्रजी अमलातला रुपया तो कलदार. आणि सात हाली रुपयांस सहा कलदार असा त्यांचा भाव असे. दोहोंना रुपयाच म्हणत, कागदावर आकडाही सारखाच दिसे, परंतु बट्टा वजा केल्यावाचून त्यांची एकत्र बेरीज करणे म्हणजे खोटा हिशेब लिहिणे होय. तुझ्या तक्त्यात नेमके तेच झाले आहे: निरनिराळ्या काळांची नाणी तू एकाच थैलीत ओतली आहेस.

मग भाव कशाने ठरवायचा? आपल्या फडातल्या भाषेत याचे उत्तर एका शब्दात आहे, आणि तो शब्द म्हणजे जोड. कुस्ती नेमताना आपण 'जोड लावली' म्हणतो, आणि एखाद्याची परमोच्च स्तुती करताना 'त्याला जोड नाही' असे म्हणतो. या दोन प्रयोगांतला विरोध कधी तुझ्या ध्यानात आला आहे काय? ज्याला खरोखरच कधी जोड मिळाली नाही, त्याचे बळ कोणत्याही तराजूत पडलेच नाही. अजिंक्यपण हे एकट्याच्या अंगचे भूषण आहे असे आपण मानतो, पण त्याचा अर्धा दस्तऐवज हरलेल्याच्या नावावर असतो.

तुझ्या तक्त्यात पहिले नाव रॉकी मार्सियानोचे आहे: 49 लढती, 49 विजय, त्यांपैकी 43 प्रतिस्पर्ध्यांना गारद करून मिळवलेले, शेकडा शंभर. या आकड्याला कोणीही मुजरा करील. परंतु 1951 साली त्याने जो लुईस याला हरविले तेव्हा लुईस 37 वर्षांचा होता, एकदा निवृत्ती पत्करून सरकारी कराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगणात उतरलेला होता. त्या विजयावर मोठा बट्टा पडतो हे उघड आहे. पण म्हणून केवळ वयाचा रकाना पाहून सरसकट बट्टा लावू नये. पुढच्याच वर्षी ज्या जर्सी जो वॉलकॉटकडून त्याने जगज्जेतेपद घेतले तो 38 वर्षांचा होता. तरी त्याने पहिल्याच फेरीत मार्सियानोला खाली पाडले, बारा फेऱ्यांपर्यंत गुणांत आघाडी राखली आणि तेराव्या फेरीत मार्सियानोच्या एका ठोशाने तो कोसळला. ते नाणे खणखणीत होते. एकाच विजेत्याच्या, एका वर्षाच्या अंतराने मिळवलेल्या दोन विजयांचे मोल इतके भिन्न असते.

याच जो लुईसने ऐन उमेदीत 1937 ते 1949 पर्यंत जगज्जेतेपद राखले आणि ते 25 वेळा पणाला लावले. या पंचविसांतल्या कित्येकांची नावे आज कोणी उच्चारीत नाही. परंतु 1936 साली ज्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडले होते, त्याच श्मेलिंगला 1938 साली त्याने पहिल्याच फेरीत संपवले. आणि माझ्या मते ती एक लढत इतर दहांना भारी आहे. उलट मुहम्मद अली तुझ्या अनुक्रमात खाली गेला आहे, कारण त्याच्या 61 लढतींत 5 पराभव आहेत. त्या पाचांतले शेवटचे दोन, 1980 आणि 1981 सालचे, शरीर थकल्यावरचे आहेत. 1971 सालचा पहिला पराभव जो फ्रेझियरकडून पूर्ण पंधरा फेऱ्या लढून झाला आहे, आणि तोही सैन्यभरती नाकारल्यामुळे ऐन तारुण्याची साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर काढल्यानंतर. पुढे 1974 साली किन्शासा येथे त्याने ज्याला चीत केले तो जॉर्ज फोरमन तोवर 40 लढतींत एकदाही हरलेला नव्हता. लिस्टन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन अशा जोडी ज्याच्या वाट्याला आल्या, त्याच्या पाच पराभवांनाही काही मोल आहे. आणि ते मोल मांडण्यास तुझ्या तक्त्यात रकानाच नाही.

अशी तुलना यंत्राकडून करून घेण्याचाही प्रयत्न झाला आहे. 1969 साली अली आणि मार्सियानो यांच्या काल्पनिक झुंजीचे चित्रीकरण करून तिचा निकाल गणकयंत्रावर सोपविला गेला. चित्रीकरणानंतर थोड्याच दिवसांत मार्सियानो विमान अपघातात गेला आणि पुढच्या जानेवारीत अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत त्याला जिंकताना पाहिले. वॉलकॉटला त्याने पाडले तीही फेरी तेरावीच होती. यंत्राला जे पुरवावे तेच ते परत देते. जो हाली-कलदारचा भेद आपण कागदावर लिहिला नाही, तो यंत्राने कोठून ओळखावा?

आता मातीकडे वळतो. गामा पहिलवानाच्या नावापुढे तू पराभवाच्या रकान्यात शून्य लिहिले आहेस. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्याची कुस्ती सुमारे अडीच तास चालली आणि अनिर्णित सुटली, कारण झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला बिलगून पडून राहिला. आजच्या गादीवरच्या नियमांनी निष्क्रियतेबद्दल ताकीद आणि गुण देऊन या कुस्तीचा निकाल काही मिनिटांत लावला असता. कुस्ती तीच, मल्ल तेच, आणि केवळ कायदा बदलल्याने दाखला बदलतो, हे ध्यानात धर. पुन्हा लढण्यासाठी ठरलेल्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. अठरा वर्षांनी, 1928 साली, पतियाळ्यात दोघे पुन्हा समोरासमोर आले तेव्हा दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. गामाने एक मिनिटाच्या आत त्याला आस्मान दाखवले. वय दोघांचेही सारखेच ढळलेले, म्हणून तेथे बट्टा कोणाच्याच माथी मारता येत नाही. शिवाय मधल्या काळात झिबिस्को अमेरिकेत जगज्जेता म्हणवला गेला होता.

तुझ्या तक्त्यात आणखी एक रकाना हवा: न झालेल्या लढतींचा. गामाने फ्रँक गॉच या मल्लाला आव्हान दिले, पण ती कुस्ती झाली नाही. जॅक डेम्प्सी जगज्जेता असताना हॅरी विल्स या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवले गेले आणि त्यांची झुंज अखेरपर्यंत झाली नाही. ज्या काळात कातडीच्या वर्णावरून माणसाला आखाड्याबाहेर रोखले जात होते, त्या काळातल्या विजेत्यांचे आकडे जे गाळले गेले त्यांच्या नावांवाचून अपुरे आहेत. वजनाचीही तीच गोष्ट. मार्सियानो सुमारे 84 किलो वजनाने लढे. आजच्या व्यावसायिक नियमाप्रमाणे जड वजनाचा गट 90 किलोंच्या पुढे सुरू होतो, म्हणजे तुझ्या अनुक्रमातला पहिला पुरुष आज त्या गटात बसलाच नसता.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव जड वजनाचे नव्हते, परंतु त्यांच्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. 1952 साली हेलसिंकी येथे त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, ते कांस्य. तुझ्या पद्धतीने पाहिले तर तिसरा क्रमांक आणि दोन पराभव. पण ते पराभव कोणाकडून? सुवर्णपदक घेणारा जपानचा इशी आणि रौप्यपदक घेणारा सोव्हिएत संघाचा मल्ल, या दोघांकडून. आणि तेथवर पोचण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले होते. ही रक्कम मी कुस्तीच्याच खात्यात जमा धरतो.

आणि आता आपल्या मराठवाड्याचे हरिश्चंद्र बिराजदार. त्यांचे रामलिंग मुदगड हे निलंगा तालुक्यातले गाव ते जन्मले त्या 1950 साली हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होते, 1956 साली उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि 1982 साली लातूर जिल्ह्यात गेले. गाव जागचे हलले नाही, दप्तर मात्र तीन जिल्ह्यांचे झाले. 1969 साली महाराष्ट्र केसरीची गदा, 1970 साली एडिंबरो येथे राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदक, पुढे रुस्तुम-ए-हिंद हा किताब, हे सर्व तू लिहिले आहेस. परंतु 1977 साली बंगळूरला त्यांनी सतपालला हरवले, ती कुस्ती तुझ्या तक्त्यात नुसती एक काडी होऊन राहिली आहे. सतपाल तेव्हा गुरू हनुमानांच्या आखाड्यातला तरणाबांड मल्ल होता. बिराजदार सत्तावीस वर्षांचे, तो त्यांहून पाच वर्षांनी लहान. त्याच सतपालने 1982 साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. पाच वर्षांपूर्वी बंगळूरला वाजलेल्या नाण्याचा भाव दिल्लीत वाढला, आणि तो वाढवला हरलेल्याने. पराभूताच्या पुढच्या कर्तृत्वाने विजेत्याचा दाखला मागाहून मोठा होतो. म्हणून हरलेल्याचे नाव पुसणारा माणूस जिंकलेल्याचेही अर्धे नाव पुसत असतो.

माझ्या लहानपणी माळेगावच्या यात्रेत मी एकदा कुस्ती जिंकलो होतो. कुस्ती रेवड्यांवरची, पण मी गावी परतलो तो जणू गदा घेऊनच. तालमीत वस्तादांनी 'जिंकलास का?' असे विचारले नाही, ते म्हणाले, "जोड कोण होता?" मला त्या पोराचे नाव सांगता आले नाही, तेव्हा ते म्हणाले, "मग काय जिंकलास ते तुलाच ठाऊक नाही." ती बोच अजून माझ्या मनात आहे, आणि ज्याच्या पाठीला मी त्या दिवशी माती लावली त्याचे नाव या वयातही मला ठाऊक नाही.

म्हणून अनुक्रम लावण्याची घाई तू करू नयेस. प्रत्येक नावापुढे त्याच्या तीन थोर जोडींची नावे लिही; त्या दिवशीचे त्यांचे वय लिही; कुस्ती मातीची की गादीची, निकाली की गुणांची, तेही लिही; जे समोर यायला हवे होते पण आले नाहीत त्यांची नावे लिही; आणि हरलेल्याने पुढे काय केले ते अखेरच्या रकान्यात लिही. एवढे भरल्यावरही पहिला कोण हे ठरले नाही तर न ठरो. जे मोजले ते खरे मोजले एवढे समाधान पुरेसे आहे.

जानेवारी 2020 मध्ये तुमच्या पुण्यातच, बालेवाडीस, महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत हर्षवर्धन सदगीर आणि आपल्या लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही काका पवारांचे शिष्य, आणि काका पवार हे बिराजदारांचे. निकाल लागला आणि सदगीरने शेळकेला उचलून आपल्या खांद्यावर घेतले. ते दृश्य पाहून मला वाटले की वस्तादांच्या प्रश्नाचे उत्तर इतक्या स्पष्टपणे कोणी दिले नसेल: जिंकलेल्याने आपली जोड साऱ्या फडाला दाखवली होती.

पंधरवड्याने माळेगावची यात्रा भरेल. सवड काढून ये. आपण फडाच्या कडेला बसू, आणि प्रत्येक कुस्तीला दोन्ही नावे वहीत लिहू.

ताईस सप्रेम नमस्कार. कळावे, लोभ आहे तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा
मामा