काळ्याच्या पायऱ्या

काळा रंग एकच असतो, असे म्हणणाऱ्याने एकदा बायकांबरोबर साडीच्या दुकानात जावे. ‘काळी दाखवा’ म्हटले की पुढ्यात पाच-सहा काळ्या पडतात, आणि त्यांतली एक ‘हिच्यात तांबूस झाक आहे’ म्हणून लगेच परत जाते. फोटो छापणाऱ्यालाही हीच नजर हवी.

आमच्या आईचा एकच फोटो आहे. संक्रांतीचा, अंगावर काळी चंद्रकळा. धाकटी बहीण तेव्हा पाळण्यात होती, आणि पुढच्या संक्रांतीला आई नव्हती. जपून ठेवलेली ती निगेटिव्ह गेल्या वर्षी एका दुकानात स्कॅन करायला दिली. त्यांनी आठ बिटांची जेपेग फाइल दिली. चेहरा छान आला, पण चंद्रकळा म्हणजे नुसता डांबराचा गोळा! उजेड वाढवून पाहिला, तर निऱ्यांच्या जागी पट्टे उमटले.

यंत्र छटा मोजते, आणि मोजायला त्याला पायऱ्या लागतात. आठ बिटांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या. नुसते पाहायला त्या पुष्कळ झाल्या. माझ्या चष्म्याला तर निम्म्याही कळत नाहीत. पण चंद्रकळेच्या वाट्याला येतात तळच्या वीसेक. त्याच ताणून उजेडात आणल्या की दोन पायऱ्यांमध्ये डोळा ठेचकाळतो. १६ बिटांत पायऱ्या ६५,५३६. तळच्या तेवढ्याच अंधारात पाच हजारांवर. निगेटिव्ह पुन्हा १६ बिटांत स्कॅन करून घेतली, तेव्हा निऱ्या एकेक करून वर आल्या.

राहिली छपाई. इंकजेटचा थेंब एक तर पडतो, नाही तर पडत नाही. करडी छटा म्हणजे थेंब आणि मधला कोरा कागद. साधे यंत्र हा करडा रंगीत शायांतून जमवते, मग खिडकीपाशी राखी दिसणारी साडी दिव्याखाली जांभळट होते. (आईला जांभळा शोभला नसता असे नाही, पण संक्रांतीला?) २००५ साली आलेल्या एप्सनच्या के-थ्री शायांत काळ्याच तीन आहेत: एक गडद, एक फिकी, एक त्याहून फिकी. तसल्या यंत्रावर एक प्रत काढून घेतली.

बहिणीने ती गॅलरीत नेऊन पाहिली, मग आत दिव्याखाली. बराच वेळ काही बोलली नाही. मग कमरेपाशी बोट ठेवून म्हणाली, “दादा, पदर खोचलाय रे तिने. म्हणजे कामातून उठून आली होती.”