गैरहजर आणि शून्य

मेंदूचे पातळ कधी नीट घडी घालून ठेवलेले नसते; घाईघाईने ट्रंकेत कोंबलेले असते. त्याचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग वळ्यांच्या आत दडलेला. वरून पाहणाऱ्याला पदर आणि काठ एकमेकांना बिलगलेले दिसतात. उलगडून पाहावे तर दोहोंत चांगले चार हातांचे अंतर!

मी पोटासाठी या पातळाचा हिशेब ठेवतो. पेट नावाचे एक यंत्र असते. शिरेतून किंचित किरणोत्सर्गी द्रव्य टोचायचे आणि ते मेंदूत कुठे किती साचते, हे त्या यंत्राने बाहेरून टिपायचे. चित्र मिळते ते अंमळ पुसटच. मेंदूची साल सरासरी अडीच मिलिमीटर जाडीची आणि यंत्राची नजर त्याहून बरीचशी जाड. तेव्हा समोरासमोरच्या वळ्यांचा रंग एकमेकींना लागणारच. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली हे पातळ संगणकात उलगडण्याची रीत मांडली. आता नमुन्याच्या मेंदूवर एकेका अर्ध्या भागासाठी १,६३,८४२ बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूवर एक आकडा. पसरलेल्या कापडावर शेजारी तोच खरा शेजारी.

इथवर सगळे सुरळीत. पण डॉक्टर लोकांना पातळ नको असते, ट्रंक हवी असते. त्यांच्या रोग्यांची चित्रे असतात मिलिमीटरभर लांबीरुंदीच्या घनांची. म्हणून आमचे कापड पुन्हा त्या घनांत भरून द्यावे लागते. सालीची आतली सीमा आणि बाहेरची सीमा यांच्यामध्ये जेवढे घन सापडतील, त्यांना जवळच्या बिंदूचा आकडा वाटायचा. जाडीत वर काही निराळे, खाली काही निराळे असेल, तर ते आता कळणे नाही. हेही एक वेळ चालेल. खरी पंचाईत पुढेच आहे. भरून झाल्यावर जे हाती येते ती सारणाशिवायची करंजी! साल तेवढी रंगलेली आणि आत सगळीकडे शून्य.

आमची आत्या तीस वर्षे शाळेत मास्तरीण होती. तिला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, "अरे, परीक्षेला न बसलेल्या मुलाला आम्ही शून्य देत नसू. गै. ह. लिहीत असू. शून्य मिळवायलाही वर्गात येऊन बसावे लागते!"

"पण आत्या, यंत्राला गै. ह. कळत नाही."

"मग वर्गाची सरासरी कशी रे काढता?"

तशीच काढतात, हेच तर दुखणे आहे. सेरोटोनिनचेच घ्या. उदासीनतेवरची पुष्कळशी औषधे त्याच्या ज्या वाहकाला अडवतात, तो वाहक सालीत तुटपुंजा आणि मेंदूच्या देठातल्या राफे नावाच्या पुंजक्यांत सर्वांत दाट. म्हणजे जिथे भांडार, नेमके तिथेच आमच्या भरलेल्या ट्रंकेत शून्य! एखाद्याने ते खरे मानून औषधाचा हिशेब मांडला तर? कोपनहेगनच्या मंडळींनी २०१७ साली २१० निरोगी माणसांवरून सेरोटोनिनचा नकाशा प्रसिद्ध केला, तेव्हा पातळ आणि ट्रंक दोन्ही दिली. सगळेच इतके उदार नसतात. पुष्कळदा नुसते पातळच हाती येते.

आता मी सालीबाहेरच्या घनांत शून्य ठेवीत नाही. 'ही संख्या नव्हे' अशी खूण ठेवतो. तसे लिहिण्याची सोय संगणकात आहे, फक्त वापरण्याचा कंटाळा असतो. काही जुने प्रोग्रॅम ही खूण पाहून रुसतात. त्यांच्यासाठी शेजारी दुसरी फाईल जोडतो, कोणते घन मोजले आणि कोणते नाहीत, याची. आतले पुंजके मूळ चित्रांतून वेगळे मोजून मग जागच्या जागी बसवतो. देठाशी ते बरे बसतात. हिप्पोकॅम्पसपाशी मात्र, जिथे साल आत मुडपून जाते, तिथली शिवण अजून मनासारखी येत नाही. कालच उसवून पुन्हा घातली आहे.