दुसरे नाव

बास्केटबॉल मी आयुष्यात कधी खेळलो नाही. आमच्या शाळेच्या मैदानावर त्याचे दोन खांब उभे आहेत खरे. पण त्यांना मुले सायकली टेकवतात, यापलीकडे माझा त्यांच्याशी परिचय नाही. तरीही गेल्या दिवाळीत याच खेळावरून माझे आणि माझ्या भाच्याचे कडाक्याचे भांडण झाले.

शिकागो बुल्स या अमेरिकन संघावर २०२० साली दहा भागांचा एक माहितीपट निघाला. भाच्याने तो मला बळेच दाखवला. त्याचे दैवत मायकेल जॉर्डन. माझे मन मात्र जडले जॉर्डनच्या शेजारच्या माणसावर, स्कॉटी पिपेनवर!

हा पिपेन आर्कान्सातल्या हॅम्बर्ग नावाच्या लहानशा गावचा. बारा भावंडांतले शेंडेफळ. वडील पक्षाघाताने आणि एक भाऊ अपघाताने चाकांच्या खुर्चीला खिळलेला. कॉलेजच्या संघात तो प्रथम शिरला तो सामानसुमान सांभाळण्यासाठी. अशा घरच्या मुलाला उद्याच्या मोठ्या रकमेपेक्षा आजची खात्रीची रक्कम गोड वाटते. शिकागोत त्याने वर्षानुवर्षांचा करार करून टाकला, आणि पुढे खेळाडूंचे भाव आभाळाला भिडले. १९९७-९८ साली त्याच्याहून अधिक पगार घेणारे शंभरावर खेळाडू होते. बायकोने हे ऐकले आणि माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. असो.

पिपेनचे काम असे, की ते गुणफलकावर फारसे उमटत नाही. प्रतिपक्षाचा सर्वांत अवघड गडी अंगावर घ्यायचा, चेंडू हिसकायचा, तो पुढे आणायचा आणि योग्य हातात द्यायचा. १९९१च्या अंतिम झुंजीत मॅजिक जॉन्सनसारख्या खेळाडूला त्याने किती दमवले! बुल्सने सहा अजिंक्यपदे मिळवली. सहाही वेळा हे दोघे बरोबर होते. पण लोक म्हणतात, "जॉर्डनची सहा." पिपेनला मान मिळाला नाही असे नव्हे. १९९६ साली लीगच्या पन्नास थोरांत त्याचे नाव आले, २०१० साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. बोलण्यात मात्र तो नेहमी दुसराच!

"जॉर्डनशिवाय त्याने काय केले?" भाच्याने विचारले.

१९९३ साली जॉर्डन खेळ सोडून गेला. आदल्या हंगामात संघाने ५७ सामने जिंकले होते; पिपेनच्या हाताखाली ५५ जिंकले. फरक अवघा दोनाचा!

"पण मामा, अजिंक्यपद कुठे मिळाले? आणि त्या १.८ सेकंदांचे काय?"

इथे मी गप्प झालो. मे १९९४. न्यूयॉर्कविरुद्ध बरोबरी, उरले १.८ सेकंद. प्रशिक्षक फिल जॅक्सनने शेवटचा फटका टोनी कुकोचला दिला. वर्षभर संघ खांद्यावर वाहिलेला पिपेन रुसला आणि बाकावरून उठलाच नाही. कुकोचने चेंडू टाकला, संघ जिंकला. पिपेनच्या नावाला मात्र तो डाग कायमचा चिकटला.

भाच्याला मी जे सांगितले नाही ते वाचकांना सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनाचे नाटक मी बसवले होते. तीन महिने तालमी घेतल्या. ऐन प्रयोगाच्या आधी आभार मानले गेले ते भलत्याच गृहस्थांचे. मी तडक उठलो आणि मैदानावर त्या बास्केटबॉलच्या खांबाशी जाऊन बसलो. दुसऱ्या अंकाचा पडदा ओढायचे काम माझे होते. शेवटी सातवीतल्या एका मुलाने तो ओढला, अर्ध्यावर अडकला तसाच धरून ठेवला. नाटक छान झाले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला म्हणाला, "सर, तुम्हाला बरे नव्हते का?" मी "हो" म्हणालो.

म्हणून पिपेन त्या दिवशी चुकला हे मला कुणी पटवून द्यायला नको. पण पुऱ्या हंगामाचा हिशेब त्या १.८ सेकंदांवर मांडणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

भाचा उद्या येतो आहे. या खेपेस जॉर्डनचा एकही सामना लावायचा नाही, १९९३-९४चेच पाहायचे, असे मी त्याला पत्राने बजावले आहे. त्याने फोनवर उत्तर दिले, "मामा, चकल्या मात्र दुप्पट करायला सांगा मामीला."