इंद्रायणीच्या पाण्यावर

३ फेब्रुवारी १९२५. माघाचा शुक्ल पक्ष, पंढरपुरात माघी वारीचे दिवस. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनसच्या फलाटावर चार डब्यांची एक गाडी उभी होती. पुढे इंजिन नाही, धूर नाही, कोळशाची कणी नाही. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी निशाण दाखवलं आणि १५०० व्होल्टच्या तारेखालून ती कुर्ल्याच्या वाटेला लागली. देशातली पहिली विजेची प्रवासी गाडी.

तिचं बळ तिच्या डब्यातच होतं. मोटर डब्याने माथ्यावरचा पँटोग्राफ तारेला टेकवायचा, वीज घ्यायची आणि चालू लागायचं. कुर्ल्याला पोचल्यावर इंजिन फिरवायला नको. मोटरमनने फक्त या टोकाकडून त्या टोकाला जायचं.

पण तारेत ते बळ आलं कुठून?

सह्याद्रीवरून. वीज टाटांच्या जलविद्युत केंद्रांची, म्हणजे पावसाची. चार महिने घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी लोणावळा, वळवण, शिरवता इथल्या तलावांत थांबायचं आणि मोठाल्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला उतरायचं. तिथलं केंद्र १९१५ चं. पुढे आंध्रा नदी ठोकरवाडीला अडवली आणि १९२२ पासून तिचं पाणी भिवपुरीला उतरू लागलं. माघात आभाळ कोरडं असतं. गाडी धावली ती मागच्या आषाढ-श्रावणावर.

आणि हे सगळं पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. उतार पूर्वेचा, वाट ठरलेली: देहू, आळंदी, तुळापूरला भीमा, मग पंढरीची चंद्रभागा. त्यातला काही भाग माणसाने कड्यावरून पश्चिमेला वळवला. लोकलच्या दारात उभं राहून वाऱ्यावर भजन म्हणणारी मंडळी दिसली, की मला हे आठवतं आणि हात आपोआप जोडले जातात.

पाणी अडवलं की कुणाची तरी शिवारं बुडतात. मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांच्या मागे उभं राहून त्याविरुद्ध लढताना तुरुंग सोसला. टाटांचं ते धरण झालंच, त्याच्या पाण्यावरचं भिऱ्याचं वीजकेंद्र १९२७ मध्ये सुरू झालं. त्या भाताच्या खाचरांचंही ऋण या तारांवर आहे, आणि ते आपण क्वचितच उच्चारतो.

२०१६ मध्ये त्या पहिल्या गाडीच्या वाटेवरचा, म्हणजे हार्बर मार्गावरचा, १५०० व्होल्टचा प्रवाह थांबला, २५,००० व्होल्टचा आला. या मार्गाशेजारची शिवडीची खाडी मात्र तिथेच आहे. हिवाळ्यात ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी चोच उलटी धरून उभे असतात. खोपोलीला नळांतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत मिसळतं, धरमतरच्या खाडीतून मुंबईच्या याच समुद्राला येऊन मिळतं. भरती चढू लागली, की पक्षी एक एक पाऊल मागे सरकतात, आणि पलीकडून कुर्ल्याची गाडी जाते.