काळी एक

आमच्या आजोबांचे गाणे साठ वर्षे पत्र्याच्या डब्यात पडून होते. १९६४ साली कल्याणच्या घरी कोणा स्नेह्याने टेपरेकॉर्डर आणला आणि आजोबांनी भैरवी म्हटली. गाण्याचा कान असलेले गाव ते. तिथला गायन समाज १९२६ सालचा! गेल्या वर्षी ते रीळ वाजवून घेतले आणि मोठ्या हौशीने आत्याला ऐकवले. ऐंशी उलटलेली आत्या मिनिटभर ऐकून म्हणाली, “हे अण्णा नव्हेत. अण्णांचा आवाज असा पोरकट नव्हता.”

मग रीळ काखेत मारून ठाण्याला धीम्या गाडीत बसलो. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करीत डोंबिवली. दिवाळीच्या पहाटे नटूनथटून तरुण मंडळी ज्या फडके रोडवर लोटतात, त्याच्या मागच्या गल्लीत एक तरुण जुनी ध्वनिमुद्रणे दुरुस्त करतो. टेबलावर लाखेच्या तबकड्या पुसून ठेवलेल्या. “स्पिरिट लावू नका हं कधी,” तो म्हणाला, “मळाबरोबर लाखही विरघळते.”

“आधी ही घरघर घालवा,” मी म्हणालो.

“सर, तीच तर साक्षीदार!”

ती घरघर विजेची. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते, आणि तिचा सूर टेपमध्ये उतरतो. याच्या पडद्यावर तो सूर ५२ दाखवीत होता. म्हणजे मुद्रणाच्या वेळी यंत्र मंद फिरले होते; आता नीट यंत्रावर गाणे शंभरास चार या हिशेबाने जलद धावत होते आणि आवाज अर्ध्या पट्टीहून अधिक चढला होता. त्याने घरघर ५० वर ओढून आणली, तसे आजोबाही खाली उतरले. मग कुठे घरघर पुसली. खरखर मात्र निम्मीच काढली; आणखी काढली तर तंबोरा जाईल म्हणाला. “मध्ये कोणी खोकले आहे, ते उद्या काढतो. आणि त्या काळची वीज बरोबर ५०च असेल असे नाही. कुणाच्या तरी पेटीवर ताडून बघा.”

पेटी कल्याणलाच, आत्याकडे. आजोबांची पट्टी काळी एक. तिने भाता हलवून ती धरली, मी फोन लावला. पहिल्या वेळी हाच षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळत होता. या वेळी तो पेटीत असा मिसळला की पेटी वाजते आहे की नाही कळेना. आत्या काहीच बोलली नाही. भैरवी संपेपर्यंत तिने भाता सोडला नाही. चहा गार झाला.

मग म्हणाली, “मधला तो खोकला आईचा. दम्याने बेजार असायची ती.”

परतताना ठाकुर्ली यायच्या आत मी त्या तरुणाला फोन केला.